लागून आलेल्या सुट्ट्या

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी धाडसाची वाट बघत बसायला नको. एकटी राहणारी बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकतर बिचारी येते, नाहीतर वाघीण. मी यातली कोणीच नाही. सरकारी बँकेत अधिकारी आहे, वय पन्नाशीला टेकलंय, लग्न आधी जमलं नाही आणि मग मीच जमवलं नाही. बदली होऊन बनारसला आले तेव्हा सगळे म्हणाले, भाग्यवान आहेस, काशी मिळाली. मी मनात म्हटलं, काशी तुम्ही घ्या, मला सांगली द्या. पण बदलीच्या ऑर्डरपुढे कोणाचं काय चालतं? आले, आणि राहिले.

मला पालीची भीती वाटते, माकडांची वाटते, गल्लीत समोरासमोर आलेल्या सांडाची तर वाटतेच. पण ही सगळी किरकोळ भीती. ती येते, ओरडायला लावते आणि जाते. खरी भीती एकच आहे. बंद दाराआड मला काही झालं आणि ते कोणाला कळलंच नाही, तर? मरण्याचं मला फारसं काही वाटत नाही. मेल्यावर तशीच पडून राहण्याचं वाटतं. त्याहून जास्त वाटतं ते अर्धवट मरून पडून राहण्याचं.

ही भीती कुठल्याही शहरात वाटली असती, पण बनारसमध्ये तिला रोज खतपाणी मिळतं. माझं घर शिंदे घाटाच्या मागच्या गल्लीत आहे, म्हणजे मणिकर्णिकेचं स्मशान हाकेच्या अंतरावर. बँकेतून परत येताना एखादी तरी तिरडी वाटेत भेटतेच. 'राम नाम सत्य है' कानावर पडलं की लोक भिंतीला चिकटून वाट देतात आणि हातातला चहा पीत राहतात. मीही चिकटते. पण माझं लक्ष तिरडीवरच्या माणसाकडे नसतं, खांदेकऱ्यांकडे असतं. हा मुलगा असेल, हा जावई, तो मागचा घामाघूम झालेला शेजारी. मग मनातल्या मनात मी माझ्यासाठी चौघं जमवायला लागते. भाऊ एक. त्याच्यापुढे गाडी अडते. हेड कॅशियर येईल, पण त्याला पाठीचं दुखणं आहे. हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे हे मलाही कळतं. तरी तिरडी पुढे निघून गेली की मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते.

कामाच्या दिवशी ही भीती दबून असते. कारण सरळ आहे. तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे असते. मी वेळेवर पोचले नाही तर तिजोरी उघडत नाही, लोक खोळंबतात, शिव्या घालतात. माझ्यावर कोणाचं प्रेम असो नसो, किल्लीसाठी तरी कोणीतरी येऊन दार ठोठावेल. सुट्टीच्या दिवशी मात्र माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाही. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर आलं की बाकीचे लोक लागून आलेल्या सुट्ट्या शोधतात आणि तिकिटं काढतात. मीही शोधते. शनिवार, रविवार आणि त्याला जोडून एखादा सण दिसला की त्याभोवती लाल खूण करते, धोक्याची.

म्हणून सुट्टीत मी एक उद्योग करते. दिसून येते. हा शब्द माझाच आहे. म्हणजे असं की जितक्या लोकांना शक्य असेल तितक्यांच्या नजरेला पडून यायचं, आणि तेही अशा बेतानं की उद्या मी दिसले नाही तर कोणाला तरी चुकल्यासारखं वाटावं. सकाळी कोपऱ्यावरच्या कचोरीवाल्याकडे जाते. तो कचोरीबरोबर जिलबी ठेवतो, मी दर वेळी जिलबी परत करते, मग तो दर वेळी 'जलेबी बिना कैसा नाश्ता' म्हणून हुज्जत घालतो. हुज्जत घालणारं गिऱ्हाईक लक्षात राहतं, म्हणून मी ती कधी मिटू दिलेली नाही. संध्याकाळी अहिल्याबाई घाटावर जाते. वाटेत मणिकर्णिका लागू नये म्हणून आतल्या गल्ल्यांतून, चौकावरून वळसा घेऊन जाते. तिथे माझी पायरी ठरलेली आहे. शेजारच्या दशाश्वमेधावर आरतीला मुंगी शिरायला जागा नसते, इकडे मात्र जरा बसता येतं. कोणी पितरांसाठी काही करत असतं, कोणी मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत असतं. एक नावाडी रोज विचारतो, 'नाव, मैडम?' मी रोज नाही म्हणते. एका रविवारी ताप होता म्हणून गेले नाही, तर दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, 'कल नहीं आईं आप?' त्या एका वाक्यावर माझा आठवडा छान गेला.

लोकांना वाटतं बाई मजेत आहे. नदी आहे, घाट आहे, थंडीत दुधाच्या फेसाचं मलइयो खाते, कुणाची कटकट नाही. मजेत असतेही कधीकधी. पण घाटावरून उठताना 'आज एवढ्यांनी पाहिलं' असा हिशोब मनात चालू असतो, आणि ज्या करमणुकीत हा हिशोब चालतो तिला करमणूक म्हणावं की हजेरी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ब्रह्मा घाटाकडे एका मराठी गुरुजींचं घर आहे. त्यांच्या चार-पाच पिढ्या काशीतच गेल्या. सणावाराला काकू मला जेवायला बोलावतात. त्यांची मराठी ऐकली की मला आधी हसू येतं आणि मग गहिवरून येतं. 'एकट्याच राहता? डर नाही लागत तुम्हाला?' त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं. मी म्हटलं, लागते ना. 'मग असं करा, खाना खाऊनच जा,' त्या म्हणाल्या. भीतीवर इतका तातडीचा इलाज मला आजवर कोणी सांगितला नव्हता. पण त्यांचं घर माणसांनी भरलेलं आहे. तिथून परतल्यावर माझी खोली जास्तच रिकामी वाटते, म्हणून मी तिथे कमी जाते.

माझ्या घराच्या तळमजल्यावर घरमालकीण राहते. मी तिला अम्मा म्हणते, ती मला बिटिया. सत्तरी केव्हाच उलटलीय, गुडघे गेलेत, तोंडात पान आणि समोर टीव्ही. मुलगा सुरतेला. मधला मजला सामान कोंबून बंद करून ठेवलाय आणि वरच्या मजल्यावर मी. अम्मा काही गोड म्हातारी नाही. पाण्याची मोटर जास्त वेळ चालली की खालून अशी ओरडते की समोरच्या घरातले लोक त्यांची मोटर बंद करतात. आमची पहिली दोन वर्षं भांडणातच गेली, आणि त्यातलं सगळ्यात मोठं भांडण एका शब्दावरून झालं.

आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणतात. माझ्या आईनं हे माझ्या जिभेवर असं कोरलं होतं की चुकून 'जाते' निघालं तर ती मला परत उंबऱ्याच्या आत बोलवायची, बसवायची, पाणी द्यायची आणि नीट 'येते' म्हणायला लावून मग सोडायची. बनारसला आल्यावर मी त्याचं सरळ हिंदी करून टाकलं. बँकेतून निघताना म्हणायचे, 'अच्छा, आती हूँ.' पहिल्याच आठवड्यात बिचारा वॉचमन अर्धं शटर वर ठेवून माझी वाट बघत बसला होता. त्याला वाटलं, मॅडम काहीतरी आणायला गेल्यात, आत्ता येतील. दुसऱ्या दिवशी सगळी शाखा हसली.

अम्मा हसली नाही. मी सकाळी तिच्या दारावरून जाताना 'अम्मा, आती हूँ' म्हणायचे, ते तिनं बरेच दिवस कसंबसं चालवून घेतलं. मग एका संध्याकाळी मी तेच म्हणून घाटावर गेले. परत आले तर ही रस्त्याचं दार सताड उघडं टाकून पाटावर बसलेली, आणि एक माकड तिचं अर्धं पीठ घेऊन गेलेलं. 'आती हूँ बोल के गई! हम किवाड़ खोल के बैठे हैं, और तुम घूम रही हो?' मी तिला परोपरीनं समजावलं. आमच्यात जाते म्हणणं अशुभ, माणूस कायमचा निघाला तरच तो 'जातो', एरवी निघताना येतेच म्हणायचं. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. 'ठीक है,' ती म्हणाली. 'हमारे यहाँ भी दुकान बंद करते हैं नहीं बोलते, बढ़ाते हैं बोलते हैं.' त्या दिवसानंतर मी 'आती हूँ' म्हटलं की ती आतून 'आओ' म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

बँकेत मात्र मी सुधारले. लोक हसू नयेत म्हणून 'चलती हूँ', 'जाती हूँ' शिकले. वर्षं जातात तशी जीभ ज्या गावात राहते त्या गावाची होत जाते. आता मी स्वप्नातसुद्धा कधीकधी हिंदीत भांडते.

एका वर्षी होळी अशी आली की शनिवार-रविवारला जोडून सलग सुट्ट्या लागल्या. बनारसची होळी ज्यानं पाहिली नाही त्याला मी कशी सांगू? सकाळपासून दुपारपर्यंत गल्ल्या पुरुषांच्या असतात. भांग, दारू, चंदेरी रंग फासलेले चेहरे, आई-बहिणीवरून ज्या शिव्या एरवी दबक्या आवाजात देतात त्या सुरात म्हणायच्या. वाईट कोणाला काही करतील असं नाही, पण एकट्या बाईनं बाहेर पडायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणजे दिसून यायची सोय नाही. कचोरीवाला बंद, घाट बंद, नावाडी भांगेत. मी आदल्या दिवशीच भाजी, दूध, पाव भरून ठेवला, पुरणपोळ्या केल्या, आणि दोन अम्मासाठी बाजूला काढल्या.

त्या पोळ्या द्यायला सकाळी खाली उतरले. अम्मा दाराच्या फटीतून गल्लीत बघत होती. मी तिच्या हातात ताटली दिली आणि तेवढ्यात रस्त्याच्या दारावर धाडकन काहीतरी आदळलं. रंगाचा फुगा असेल, पण आवाज बंदुकीसारखा झाला. मागोमाग दहा-बारा जणांचा आरडाओरडा, दारावर थापा, 'अम्मा, दरवाजा खोलो, रंग लगाएँगे!' 'मैं जाती हूँ, अम्मा, जाती हूँ!' असं ओरडून मी जिन्यानं वर पळाले. ती मागून काहीतरी म्हणाली, ते मी ऐकलं नाही.

वर आल्यावर मी माझा नेहमीचा बंदोबस्त केला. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार आहे, माकडांसाठी बसवलेलं. त्याला आतून कुलूप घातलं. खोलीचं दार लावलं, वरची कडी, खालची कडी. खिडक्या बंद. किल्ल्या खिळ्याला. मग जरा श्वास खाली बसला. मोबाइल चार्जिंगला लावला, पाणी तापवलं आणि अंघोळीला गेले. बाथरूमचं दार पत्र्याचं आहे, आणि एकटी असूनही मी ते आतून बोल्ट लावून घेते. या माझ्या सवयीला कोणी काय म्हणायचं ते म्हणो.

अंघोळ झाली, कपडे घातले, बोल्ट ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. तो गंजलेला होता हे मला माहीत होतं, दर वेळी थोडा अडायचा. या वेळी मी पंचा गुंडाळून जोर लावला आणि बोल्टची मूठच माझ्या हातात आली. आतली सळई जागच्या जागी, भिंतीच्या भोकात घट्ट. तिला धरायला काही उरलंच नाही.

पहिल्यांदा मी हसले. खरंच हसले. मग मूठ पुन्हा बसवायचा प्रयत्न केला. मग तांब्यानं ठोकलं. मग खांद्यानं धक्के दिले, पत्रा वाजला आणि खांदा दुखला. हळूहळू डोक्यात एकेक गोष्ट यायला लागली. मोबाइल बाहेर आहे. खोलीला दोन कड्या आहेत. जाळीला कुलूप आहे आणि ते आतून आहे. सुट्टी आज आहे, उद्याही आहे. कोणी आलंच तरी माझ्यापर्यंत पोचायला त्याला तीन दारं फोडावी लागतील, आणि ती तिन्ही मीच लावून घेतली आहेत.

आयुष्यभर ज्याची भीती बाळगली ते समोर आलं की माणूस शांत होतो, असं मी ऐकलं होतं. साफ खोटं आहे. प्लास्टिकच्या स्टुलावर बसले तर दात वाजायला लागले. छातीत दुखतंय असं वाटलं आणि ते भीतीनं दुखतंय की खरंच काही होतंय, हे कळेना. पाणी आहे, पाण्यानं माणूस तगतो, असं स्वतःला सांगितलं. मग असाही विचार आला की या गावात लोक मरायला हौसेनं येतात, मोक्ष मिळतो म्हणून. बाथरूममध्ये मेलं तर तोच मोक्ष मिळतो का? गुरुजींना विचारायला हवं होतं.

बाथरूमला वर एक झरोका आहे, गल्लीकडे उघडणारा. स्टुलावर चढून मी ओरडले, 'अहो! अहो, कोणी आहे का?' अहो! बनारसच्या गल्लीत, होळीच्या दिवशी, जीव जायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून मराठी निघालं, आणि तेही अदबीचं. खाली लाऊडस्पीकरवर गाणी चालू होती. मी भानावर येऊन पुन्हा ओरडले, जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडले, 'कोई है? कोई है?'

खालून दहा-पंधरा गळ्यांनी एकदम उत्तर दिलं, 'होली है!'

मी पुन्हा ओरडले. पुन्हा तेच. त्यांना वाटलं, वरच्या मजल्यावरची मॅडम अखेर रंगात आली. मी 'कोई है' म्हणावं आणि त्यांनी 'होली है' म्हणावं, असं कितीतरी वेळ चाललं. कोणीतरी ढोलकावर ठेकाही धरला. मग टोळी पुढे सरकली आणि मी स्टुलावरून उतरून फरशीवर बसले. तिथे मी रडले. रडताना कोणाला हाक मारावी हे सुचेना, म्हणून आईला मारली. ती जाऊन बरीच वर्षं झालीत.

किती वेळ गेला मला माहीत नाही. झरोक्यातलं ऊन भिंतीवरून खाली आलं होतं तेव्हा जाळी वाजली. आधी वाटलं माकड. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि अम्माचा, धापांनी फुटलेला. 'ए बिटिया! का भयल?'

अम्मा या जिन्यानं वर आलेली मी एकदाही पाहिली नव्हती. गुडघ्यांमुळे ती मधल्या मजल्यावरसुद्धा चढत नसे. मी दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागले. काय झालं, कुठे अडकले, सगळं हिंदी-मराठी मिसळून ओरडून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, 'रुको.' आणि तिची पावलं खाली जाताना ऐकू आली, फार हळू, मध्येच थांबणारी. ती जाताना ऐकून मला पुन्हा भीती वाटली, की ही जिन्यावरून पडली तर आम्ही दोघी संपलो.

नंतर मला कळलं की ती रस्त्याचं दार उघडून गल्लीत गेली. जिला विधवा झाल्यापासून कोणी होळीला उंबऱ्याबाहेर पाहिलं नव्हतं, ती त्या दंग्यात जाऊन उभी राहिली, तिच्या पांढऱ्या साडीवर बादली पडली, आणि तिनं समोर आलेल्या तिघांची बखोटं धरून त्यांना घरात ओढलं. ज्यांच्या भीतीनं मी तीन दारं लावली होती, त्यांनाच ती वर घेऊन आली.

त्यांनी जाळीचं कुलूप वरवंट्यानं फोडलं. खोलीच्या कड्या खांद्यानं तोडल्या. प्रत्येक आवाजाला मी दचकत होते. सुटका होतेय याचा आनंद वाटायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्या माणसांचीच जास्त भीती वाटत होती. भांगेनं जड झालेला एक आवाज पत्र्याच्या अगदी पलीकडून आला, 'मैडम, दरवाजे से हट जाइए.' मी कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटले. दोन लाथांत दार आत आलं. बाहेर तीन चंदेरी चेहरे, डोळे लाल, दात पांढरे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. एकानं मान खाली घातली, एक म्हणाला, 'होली मुबारक, मैडम,' आणि माझ्या खोलीभर रंगाची पावलं उमटवत तिघे निघून गेले. चेहऱ्यावरचा रंग धुतल्यावर ते कोण होते हे मला कधीच कळलं नाही. अजूनही गल्लीतून जाताना प्रत्येक पुरुषाकडे बघून मला वाटतं, हा असेल. आभार मानावेत की मान खाली घालून पुढे जावं हे ठरत नाही, आणि मी पुढे जाते.

अम्मा माझ्या पलंगावर बसून धापा टाकत होती. अंगावर हिरवा-लाल रंग, पदर निथळत होता. मी तिला पाणी दिलं. 'आपको कैसे पता चला?' मी विचारलं. माझा आवाज झरोक्यातून गल्लीकडे जात होता, खाली तिच्या घरात तो पोचणं शक्यच नव्हतं.

'तुम जाती हूँ बोली,' अम्मा म्हणाली. 'इतने बरस में कभी नहीं बोली. हम नीचे बैठे सोचते रहे, ई आज जाती हूँ काहे बोली? टीवी में मन नहीं लगा. आवाज दिए, जवाब नहीं आया. तो चढ़ आए.'

मी ते हिंदीत म्हटलं होतं, घाईत, बँकेत शिकलेलं. तिनं ते मराठीत ऐकलं होतं. मी तिला खरं सांगितलं नाही. मी नुसती तिच्या पायाशी बसले आणि तिचे सुजलेले गुडघे चोळत राहिले. ती ओरडली, 'धीरे!'

होळी सरली, दारं दुरुस्त झाली. जाळीला नवं कुलूप आणलं तेव्हा अम्मानं त्याची एक किल्ली मागून घेतली आणि तिच्या दाराची एक मला दिली. त्यासाठी ती पुन्हा वर चढून आली होती. पलंगावर बसून तिनं सूचना द्यायला सुरुवात केली, बाजाराची यादी सांगावी तशी. तिला काही झालं तर आधी सुरतेला मुलाला फोन, मग कोपऱ्यावरच्या पंडितांना. जबडा लगेच बांधायचा, नाहीतर तोंड उघडं राहतं आणि बाई वाईट दिसते. रडणं नंतर. मी मान डोलवत होते. मग तिनं विचारलं, 'और तुमको कुछ हो गया तो? किसको फोन करें?'

मी म्हटलं, भावाला. 'लगाओ,' ती म्हणाली. 'अभी?' 'अभी. देखें तो, उठाता है कि नहीं.'

भाऊ सांगलीला असतो. आई गेल्यापासून आमचं बोलणं दिवाळीला आणि वाढदिवसाला, तेही बहुधा मेसेजवर. मी स्पीकर चालू करून फोन लावला. बराच वेळ रिंग झाली. मग त्याचा आवाज आला, 'हॅलो, कोण?'

'अरे, मी ताई.'

'अगं हो, फोन बदलला ना, नंबर गेले सगळे. काय गं? बरं आहे ना?' मागे कुठल्यातरी कार्यालयात जेवणाच्या पंगतीचा गलका होता. मी म्हटलं, बरं आहे, सहज केला. 'मग रात्री निवांत करतो,' तो म्हणाला. वाईट नाही तो. त्यानं त्या रात्री केला नाही, एवढंच.

अम्माला मराठी येत नाही. पण 'कोण' तिला कळलं होतं. ती फोनकडे बघत बसली. मग म्हणाली, 'खबर मिले तो कितनी देर में पहुँचेगा?'

मी हिशोब केला. पुण्यापर्यंत गाडी, तिथून विमान मिळालं तर, नाहीतर रेल्वे. 'डेढ़-दो दिन.'

अम्मानं पान चघळत विचार केला. 'तब तो बरफ मँगाना पड़ेगा,' ती म्हणाली. 'मछली वालों की गली में मिलता है. हम मँगा लेंगे.'

या वाक्यानं मी हादरायला हवं होतं. मला रडू फुटलं, पण ते घाबरून नव्हे. या एवढ्या मोठ्या शहरात माझ्यासाठी बर्फ कुठून आणायचा याचा विचार करणारं कोणीतरी होतं. अम्मा वैतागली, 'अरे, अभी थोड़े मरी हो,' म्हणाली आणि कठडा धरून खाली उतरायला लागली. मी वरून बघत राहिले. प्रत्येक पायरीवर ती दोन्ही पाय टेकवत होती, मध्येच थांबून छातीवर हात ठेवत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी सगळी भिस्त सत्तरी उलटलेल्या या बाईवर आहे, आणि वयाच्या हिशोबानं ती माझ्याआधी जाणार आहे. मग फोन मी करीन, जबडा मी बांधीन, आणि वर येऊन त्या घरात एकटी झोपेन. तिच्याआधी माझा नंबर लागावा, असं त्या क्षणी मला मनापासून वाटलं, आणि असं वाटल्याचीच मला आजवर सगळ्यात जास्त भीती वाटली.